धान्याची धुरी आणि बुरशीचे विष

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. ह्या व्यासपीठावरून आजवर वकील, डॉक्टर, इंजिनियर अशी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारे आयुष्य प्राथमिक शाळेतील मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेले. आपणांस नवे असे मी काय सांगणार? परंतु आपले कार्यवाह म्हणाले, “गुरुजी, गेल्या दिवाळीत वसतिगृहाच्या कोठीत जे घडले, तेवढेच सांगा. ते प्रत्येक घराला उपयोगी पडेल.” ते मला पटले, म्हणून आपणांपुढे उभा आहे. विषय धान्य टिकविण्याचा आहे, म्हणजे वरवर पाहता अगदी घरगुती. पण त्याची एक बाजू मनुष्याच्या जीविताशी येऊन भिडते, हे मलाही उतारवयातच समजले.

गोष्ट अशी. आपल्या वसतिगृहात खेड्यापाड्यांतून शिकावयास आलेली बेचाळीस मुले राहतात. त्यांच्या मुखी जो घास पडतो, तो बहुतांशी आपण सर्वांनी दिलेल्या धान्याचा असतो. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत कोणी पायली, कोणी मण, कोणी भरले पोते आणून कोठीत ठेवतो, आणि देणाऱ्याचे नाव दारावरील फळ्यावर लिहिले जाते. गेल्या वर्षी ऐन काढणीच्या वेळी पाऊस आला. ज्वारीची कणसे ताटावरच भिजली. उपटलेला भुईमूग शेतातच ओला पडून राहिला. तशाही स्थितीत धान्य आले, कोठी भरली, मुले सुट्टीत घरोघरी गेली आणि कोठीला कुलूप लागले. तीन आठवड्यांनी ते उघडले, तो आतून कुबट वासाचा भपका आला. भिंतीकडच्या काही पोत्यांवर टोके फिरत होते. पाच पोत्यांत हात घातला, तर माल चक्क उबदार लागला. त्यांतल्या शेंगा फोडून पाहिल्या, तेव्हा काही दाण्यांवर हिरवट-पिवळसर पूड धरलेली दिसली.

कोठी-समितीचा प्रमुख ह्या नात्याने निर्णय मजकडे आला, आणि मी तो क्षणार्धात देऊनही टाकला. मी म्हणालो, “मुले अजून परतलेली नाहीत. वसतिगृह रिकामे आहे. माहितगार माणूस बोलावून गोळ्यांची धुरी देऊन घेऊ. चार-सहा दिवसांत सर्व माल स्वच्छ होईल.” समितीतील इतरांनीही मान डोलावली. तेव्हा आमच्या स्वयंपाकघराचा भार वाहणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “गुरुजी, औषधाने टोका मरेल. पण ही हिरवी पूड टोक्यासारखी थोडीच मरून गळून पडणार आहे? औषध मारणार कोणाला?”

मंडळी, आयुष्यभर मुलांना प्रश्न विचारीत आलेल्या ह्या शिक्षकापाशी त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. कोठीला पुन्हा कुलूप लावले. कृषिखात्यात नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले, त्याने दिलेली पुस्तके वाचली, न समजले ते त्याला पुनःपुन्हा विचारले. पूर्वी मी त्याला शिकविले होते. ह्या वेळी तो गुरू आणि मी शिष्य. पुढे जे सांगणार आहे, ते त्या शिकवणीचे फळ होय.

साठविलेल्या धान्याला शत्रू दोन. एक कीड आणि दुसरा बुरशी. आपण दोहोंनाही ‘धान्य बिघडले’ ह्या एकाच शब्दात गुंडाळतो, आणि चुकीचे मूळ तेथेच आहे. टोके, सोंडे, पतंगाची जाळी ही कीड डोळ्यांना दिसते. ती धान्य खाते, पोकळ करते, त्याचे पीठ पाडते. नुकसान मुख्यतः धान्याचे. बुरशीचे तसे नाही. बुरशी ही अतिसूक्ष्म वनस्पतीसारखी दिसणारी, पण वनस्पतीहून निराळी अशी जीवसृष्टी आहे. तिचे कण मातीत, हवेत, खळ्यात, पोत्याच्या तागात सर्वत्र असतात. धान्य कोरडे असेल तोवर ते निपचित पडून राहतात. ओल मिळाली की त्यांना तंतू फुटतात, आणि काही जातींच्या बुरशा वाढता वाढता धान्यात विष सोडतात. येथे नुकसान केवळ धान्याचे राहत नाही, ते खाणाऱ्याचेही होते.

त्या विषांत अग्रगण्य म्हणजे ‘अफ्लाटॉक्सिन’. त्याच्या शोधाची हकीकत मोठी बोधप्रद आहे. १९६० साली इंग्लंडात टर्की नावाचे, कोंबड्यांप्रमाणे पाळले जाणारे मोठे पक्षी पटापट मरू लागले. पाहता पाहता लाखाहून अधिक पक्षी गेले. साथीचा रोग म्हणावा, तर रोगजंतू सापडेना. म्हणून तिला ‘टर्की-एक्स रोग’ असे नाव पडले. शोधाअंती ध्यानात आले की, त्या पक्ष्यांच्या खाद्यात ब्राझील देशातून आलेली भुईमुगाची पेंड होती आणि ती बुरशीने बाधित होती. ती बुरशी ‘ॲस्परजिलस फ्लेव्हस’ जातीची. तिच्या नावातील अक्षरे घेऊनच विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. आमच्या शेंगांवरील पूड ज्या रंगाची होती, त्याच रंगाची ही बुरशी असते.

कोणी म्हणेल, ते परदेशचे पक्षी. आपल्याला त्याचे काय? तर ऐका. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल ह्या लगतच्या जिल्ह्यांत काविळीची विचित्र साथ आली. तेथील गोरगरीब जनतेचे मुख्य अन्न मका. त्या वर्षी अवकाळी पावसात मका भिजला, नीट न वाळताच साठविला गेला, आणि दुसरे धान्य घरात नसल्यामुळे तोच खाल्ला गेला. माणसांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरले. सुमारे चारशे माणसे आजारी पडली आणि शंभराहून अधिक दगावली. त्याच घरांतील उष्ट्यावर जगणारी कुत्रीही त्याच लक्षणांनी मेली, आणि त्यावरूनच रोग अन्नातून आला हे उमगण्यास साहाय्य झाले. त्या वर्षी मी अकरावीच्या वर्गात होतो. अशा मृत्यूंची वार्ता आमच्या गावापर्यंत आली नव्हती. आली असती तरी आम्हांस तिचा अर्थ कळला नसता.

आपल्या ज्वारीलाही हा इतिहास अपरिचित नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत, पावसात भिजून बुरसलेली ज्वारी व मका खाल्ल्याने पोटदुखी आणि जुलाबांची साथ उद्भवली. तेथील विष निराळ्या बुरशीचे, ‘फ्युमोनिसिन’ नावाचे होते. पण कारण तेच, काढणीच्या वेळचा पाऊस आणि न वाळलेले धान्य. पुढे २००४ साली आफ्रिकेतील केनिया देशात बुरसलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिनने शंभराहून अधिक माणसांचा बळी घेतला. देश वेगळे, वर्षे वेगळी. चूक मात्र एकच.

आणि जेथे विष अल्प प्रमाणात असते, तेथे ते अधिकच फसवे. माणूस त्या दिवशी आजारी पडत नाही. विष हळूहळू यकृतावर, म्हणजे काळजावर, काम करीत राहते. वर्षानुवर्षे असे अन्न पोटात गेल्यास यकृताचा कर्करोग होऊ शकतो, हे आता निःसंशय सिद्ध झाले आहे. ज्याला ब-प्रकारच्या काविळीची बाधा आहे, त्याला हा धोका कितीतरी पट अधिक. लहान मुलांची वाढ खुंटण्याशीही ह्या विषाचा संबंध अभ्यासकांना आढळला आहे. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांत धान्यातील अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १५ मायक्रोग्रॅम इतकी ठेवली आहे. हे प्रमाण किती सूक्ष्म, हे मी माझ्या सवयीप्रमाणे गणिताने सांगतो. दहा टनांचे एक, असे शंभर ट्रक धान्याने भरा. त्या साऱ्या धान्यात मिळून १५ ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर विष मावते. त्याहून अधिक झाले की ते धान्य खाण्यास अयोग्य.

“पण गुरुजी, आपण काही ते कच्चे खात नाही,” अशी शंका काही भगिनींच्या मनात येईल. दुर्दैवाने आपली चूल येथे अपुरी पडते. पाणी १०० अंशांवर उकळते. हे विष अडीचशे अंशांच्याही पुढे टिकाव धरते. शेंगा भाजल्याने त्याचा काही भाग कमी होतो, पण ते नाहीसे होत नाही. भाकरी भाजून, भात शिजवून, धान्य धुऊन अथवा उन्हात पुन्हा पसरून झालेले विष जात नाही. उन्हाने बुरशी थांबेल, पूड झटकली जाईल, वास उडेल, माल चांगला दिसू लागेल. विष मात्र आत जसेच्या तसे राहील.

आता धुरीकडे वळतो. आपण जिला धुरी म्हणतो, तिच्यात धूर नसतो. ॲल्युमिनियम फॉस्फाइड नावाच्या पदार्थाच्या गोळ्या असतात. हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून फॉस्फिन नावाचा वायू निघू लागतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे एक ग्रॅम वायू मिळतो. मोठ्या गोदामांत पोत्यांच्या थप्पीवर हवाबंद आवरण अंथरून, त्याच्या कडा जमिनीशी घट्ट दाबून, काही दिवस हा वायू आत कोंडून ठेवतात. तो पोत्यात, दाण्यात, दाण्याच्या पोटात दडलेल्या अळीपर्यंत पोचतो आणि कीड मारतो. पूर्वी घरगुती वापरासाठी ‘ईडीबी’ ह्या द्रवाच्या काचेच्या कुप्या मिळत; २००१ सालापासून आपल्या देशात त्या द्रवावर बंदी आली. मिथिल ब्रोमाइड नावाचा दुसरा वायू आकाशातील ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे, १९८७ च्या माँट्रियल करारान्वये, आयात-निर्यातीच्या मालाची रोगकीड रोखण्यासारखी कामे वगळता, मागे घेण्यात आला. उरला तो मुख्यतः फॉस्फिन, आणि देशाच्या कोठारांतील धान्य किडीपासून राखण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. त्याचे हे ऋण मी नाकारीत नाही.

परंतु मावशींचा प्रश्न तसाच उरतो : हे औषध बुरशीचे काय करते? उत्तर असे. किडीसाठी जेवढा वायू वापरतात, तेवढ्याने बुरशी मरत नाही. ओलसर धान्यात वायू कोंडलेला असेपर्यंत तिची वाढ मंदावते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. पण वायू गेला आणि ओल राहिली, की ती पुन्हा डोके वर काढते. आणि जे विष आधीच धान्यात उतरले आहे, त्याला तर हा वायू स्पर्शही करीत नाही. विहिरीत विष टाकून गेलेल्या माणसाला मागाहून पकडून फासावर चढविले, म्हणून विहिरीचे पाणी शुद्ध होत नाही. तसेच हे.

परदेशात काही ठिकाणी अमोनिया वायूने, मोठ्या यंत्रसामग्रीत, सरकी व पेंड ह्यांतील अफ्लाटॉक्सिन बरेचसे नष्ट करतात. पण ते जनावरांच्या खाद्यासाठी आणि जाणकारांच्या देखरेखीखाली. माणसाच्या ताटातील धान्यासाठी तो उपाय नव्हे, आणि घरी तर मुळीच नव्हे.

मग बुरशी रोखण्यात धुरीचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण तो आडवाटेने. टोके आणि सोंडे श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाण्याची वाफ निर्माण होते. पुष्कळ कीड एका जागी जमली की पोत्याचा तो भाग तापतो, शेजारचे धान्य ओलावते, आणि तेथे बुरशीला घर मिळते. शिवाय किडीने भोके पाडलेला दाणा म्हणजे बुरशीला उघडे दार. तेव्हा कोरड्या धान्याला वेळीच, योग्य हाताने धुरी दिली, तर कीड जाते आणि बुरशीची एक वाट बंद होते. सारांश, धुरी हा पहारा आहे, औषधोपचार नव्हे. चोर येण्यापूर्वी पहारेकऱ्याचा उपयोग; चोरी झाल्यावर त्याला दुप्पट पगार देऊन काय साधणार?

आता एक कबुली द्यावयाची आहे. हा वायू किती भयंकर आहे, हे मला आधीच ठाऊक होते, आणि ते पुस्तकातून नव्हे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आमच्या घरी गव्हाच्या कणगीला टोके लागले. मी बाजारातून त्या गोळ्या आणल्या. दुकानदाराने विचारले नाही, मीही विचारले नाही. दोष कोणाचा, तर विचार न करता मागणाऱ्याचा. रात्री जेवणे झाल्यावर माजघरातील कणगीत गोळ्या टाकल्या, वर पोते झाकले, आणि त्याच माजघराला लागून असलेल्या खोलीत सारे घर झोपले. मध्यरात्रीनंतर सूनबाई उठल्या. लसणीसारखा वास येतो आहे आणि डोके फुटते आहे, असे म्हणाल्या. तोच धाकट्या नातीला उलट्या सुरू झाल्या. सूनबाईंनी कोणाची वाट न पाहता मुलीला उचलून अंगणात नेले आणि आम्हां सर्वांना हाका मारून बाहेर काढले. पहाटे आम्ही सर्व दवाखान्यात होतो. दैव बलवत्तर, सर्व वाचलो. नंतर डॉक्टरांनी सांगितले की, ह्या विषावर उतारा नाही. उशीर झाला असता तर त्यांनाही फारसे काही करता आले नसते.

आपल्या वाडवडिलांना कोंडलेल्या हवेचे भय ठाऊक होते. पेव उघडल्यावर ते लगेच आत उतरत नसत. तोंड उघडे ठेवून वारा लागू देत. मग दोरीने पेटता दिवा आत सोडत. दिवा विझला तर हवा वाईट, कोणी उतरू नये. ती परीक्षा पेवातल्या कोंदट हवेसाठी योग्य होती. फॉस्फिनला ती लागू पडत नाही. माणसाला मारून टाकील एवढा वायू हवेत असला, तरी दिवा आपला तेवतच राहील. वासावरही विसंबू नये. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. जो लसणीसारखा किंवा कुजक्या मासळीसारखा वास येतो तो त्यातील अशुद्ध भागाचा, आणि तो प्रत्येकाला प्रत्येक वेळी येईलच असे नाही. हा वायू दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून, शेजारच्या घरातही जातो. म्हणूनच ह्या गोळ्यांची धुरी सरकारी यंत्रणेने अथवा मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखाली परवानाधारकांनीच द्यावी, असा कायद्याचा निर्बंध आहे. माझी हात जोडून विनंती आहे : ज्या छपराखाली माणूस झोपतो, त्या छपराखाली ही गोळी कदापि आणू नका. आणि कोठे चुकून वायूची बाधा झालीच, तर प्रथम सर्वांनी मोकळ्या हवेत यावे आणि तसेच तडक दवाखाना गाठावा.

पाहा, कोठीचे कुलूप उघडले त्या दिवशी मला अर्धाच धडा येत होता. वायू माणसाला मारतो, हे मी नातीच्या निमित्ताने शिकलो होतो. म्हणूनच ‘मुले नाहीत, माहितगार माणूस बोलावू’ एवढी सावधगिरी मी बाळगली. वायू बुरशीच्या विषाला मारीत नाही, हा उरलेला अर्धा धडा मावशींच्या प्रश्नाने मिळाला. अर्ध्या धड्यावर मुलांना परीक्षेस बसवू नये, हे मी शाळेत नेहमी सांगत असे. येथे तर बेचाळीस मुलांचे ताट होते.

मग करावयाचे काय? उपाय जुनाच आहे आणि बिनपैशाचा आहे : धान्य वाळविणे. ज्वारी, गहू, मका, तांदूळ ह्यांत साठवणीच्या वेळी शंभर भागांत बारा-तेरा भागांहून अधिक पाणी नसावे. भुईमुगाच्या दाण्यात सात-आठ भागांहून अधिक नसावे, कारण तेलबियांवर बुरशी थोड्या ओलीतही धरते. मोजण्याचे यंत्र नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. कोरडी काचेची बाटली घ्या. तिच्यात तिसरा हिस्सा धान्य आणि त्यावर दोन-तीन चमचे अगदी कोरडे मीठ घालून झाकण लावा. काही मिनिटे चांगली हलवा आणि थोडा वेळ तशीच ठेवा. काचेला मीठ चिकटले तर धान्यात पंधरा भागांच्या आसपास किंवा अधिक ओल आहे, धान्य पुन्हा उन्हात घाला. मीठ मोकळेच राहिले तर ओल त्याहून कमी, असे समजा. तरी आणखी एक-दोन उन्हे देण्यास कंजुषी करू नका. शेंगांसाठी आपली जुनी रीत पुरे : शेंग हलविली की आत दाणा खुळखुळला पाहिजे.

धान्य वाळवावे ते नुसत्या मातीवर नव्हे, ताडपत्रीवर. उन्हातून काढून गरम असतानाच पोत्यात भरू नये, निवू द्यावे. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावी, भिंतीपासून हातभर दूर. गळके छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारावे. हल्ली हवाबंद पिशव्या मिळतात. त्यांत कीड आपल्याच श्वासाने आतला प्राणवायू संपवून मरते, गोळीची गरज उरत नाही. उत्तम सोय आहे, पण धान्य कोरडे असेल तरच. ओले भराल तर बुरशीलाच बंदिस्त घर बांधून द्याल. शेंगदाणे निवडताना सुरकुतलेले, रंग बदललेले, भोक पडलेले दाणे निर्दयपणे बाजूला काढावे. विषाचा मोठा भाग बहुधा त्या थोड्या दाण्यांतच असतो. आणि ते बाजूला काढलेले गाईम्हशींपुढे टाकू नयेत. गाईने खाल्लेल्या विषाचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध पुन्हा आपल्याच मुलांच्या पेल्यात येते.

कोठीतील पाच पोत्यांविषयी समितीत पुष्कळ वाद झाला. एक म्हणाले, नमुना तपासून आणू. पण माझ्या विद्यार्थ्याने समजाविले की, हे विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. एका दाण्यात भरपूर आणि शेजारच्या शेकडो दाण्यांत काहीच नाही, असे घडते. मूठभर नमुन्यात तो एक दाणा न आला, तर निर्वाळा खोटाच ठरावयाचा. दुसरे म्हणाले, चांगल्या धान्यात मिसळून टाकू, म्हणजे प्रमाण घटेल. तिसरे म्हणाले, बाजारात विकून त्या पैशाचे नवे घेऊ. त्यावर मावशी एवढेच म्हणाल्या, “विकले तर ते खाणार कोण? तीही कोणाची तरी लेकरेच ना?” त्यानंतर कोणी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मळ्याच्या कडेला खोल खड्डा खणून ती पाचही पोती आम्ही पुरली. उरलेले धान्य ऊन देऊन, निवडून, पारखून मग कोठीत घेतले.

त्या पाच पोत्यांपैकी दोन, एक ज्वारीचे आणि एक शेंगांचे, माझ्या स्वतःच्या शेतातील होती. ती मी पुरती न वाळविता घाईने आणली होती. घाई कशाची? दारावरच्या फळ्यावर माझे नाव पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत यावे, एवढ्याचसाठी. घरी मंडळींनी सांगितले होते, “चार दिवस थांबा, शेंगा ओल्या आहेत.” मी ऐकले नाही. अन्नदान पवित्र खरे. परंतु वाळविल्यावाचून, निवडल्यावाचून दिलेले अन्न हे दान नव्हे, ते आपल्या नावाचे प्रदर्शन होय. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर, माझेच पोते खड्ड्यात जाताना पाहून समजली.

तेव्हा आजच्या सभेपुढे मी समितीच्या वतीने चार सूचना मांडतो. पहिली : वसतिगृहासाठी धान्य घेण्याची दिवाळीपर्यंतची मुदत रद्द व्हावी, ज्याचे जेव्हा वाळेल, तेव्हा त्याने आणावे. दुसरी : कोठीच्या दारात प्रत्येक पोत्याची परीक्षा व्हावी, आणि त्यासाठी मंडळाने ओलावा मोजण्याचे एक यंत्र घ्यावे, ओले निघाले तर ते पोते परत जाईल, मग देणारा अध्यक्ष असो वा गुरुजी, त्यात कोणी अपमान मानू नये. तिसरी : धुरीची वेळ आलीच, तर ती परवानाधारकाकडूनच, मुले राहतात त्या इमारतीपासून दूर असलेल्या स्वतंत्र गोदामात द्यावी. चौथी : फळ्यावरील नावे दिलेल्या तारखेप्रमाणे न लिहिता वर्णानुक्रमे लिहावी, म्हणजे माझ्यासारख्यांची घाई आपोआप सुटेल. ह्या चौथ्या सूचनेला आपण हसलात, पण माझ्या मते चारांत तीच अधिक महत्त्वाची आहे.

बंधुभगिनींनो, आपली ज्ञाती लहान, साधने थोडी. कोणा धनिकाच्या देणगीवर नव्हे, तर पसा-पसा धान्यावर आपण मुलांना शिकवीत आलो. त्या पशातल्या प्रत्येक दाण्याची जबाबदारी आपली आहे. आईवडील आपले मूल आपल्या ओटीत घालून निश्चिंत मनाने गावी परततात, त्यांच्या विश्वासाला कोणत्याही गोळीची धुरी देता येत नाही. तो विश्वास उन्हात, आपल्या अंगणात, चार दिवस धीर धरूनच राखावा लागतो.

ज्यांनी योग्य वेळी योग्य प्रश्न विचारला, त्या मावशींना ह्या सभेसमक्ष नमस्कार करून माझे भाषण पुरे करतो.